बेंझोइक ॲसिडचा पीकेए ४.२ च असतो

३ जुलै
धैर्यशीलच्या कुपवाडच्या कारखान्यात नव्या लॅबचं उद्घाटन, माझ्या हस्ते. माझा विद्यार्थी. गजकर्णावरचं लोशन बनवतो. बीएस्सीला दोनदा नापास केला होता, भाषणात उल्लेख एकदाच केला. शाल, नारळ. नारळ लहान.

नंतर सहज केमिस्ट मुलीचं रजिस्टर चाळलं. नाव प्रियदर्शनी. बेंझोइक ॲसिडचा पीकेए, म्हणजे ॲसिडच्या जोराचा आकडा, लिहिलाय ५.७! चौतीस वर्षं फळ्यावर मी ४.२ लिहिला. आकडा वाढला म्हणजे ॲसिड मवाळ झालं. ॲसिड काय रिटायर झालंय?

विचारलं तर म्हणते, मॅडम, ४.२ पाण्यात. आपलं लोशन अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल. सुटे झालेले आयन पाणी सांभाळून घेतं, अल्कोहोल तेवढं घेत नाही. म्हणून ॲसिड फुटायला कुरकुरतं.

मला शिकवते! पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सांगितलं होतं, लेडी आवाज चढवत नाही. मी चढवला नाही. फक्त पॅकिंग सेक्शनपर्यंत पोचवला. मुलीचे डोळे भरले. अल्कोहोलची वाफ.

४ जुलै
धैर्यशीलला पत्र, कुरिअरनं. मुलगी महिनाअखेरीस कायम होणार आहे म्हणे. करू नये. काढावी.

५ जुलै, सायं. ५
त्याचा फोन. "मॅडम, तुमी म्हणताय म्हंजे झालंच की." एका पत्रात नोकरी गेली बिचारीची. वाईट वाटतं, पण सायन्सपुढे इलाज नाही. जेवण छान गेलं.

९ जुलै
पत्रासोबत पुरावा जोडायला हवा होता. आधी पुरावा आणि मग पत्र हा क्रम सामान्यांसाठी ठीक. तरी घरीच प्रयोग करणार. पीएच मीटर ऑनलाइन मागवला. अल्कोहोल कॉलेजच्या स्टोअरमधून. स्टोअरकीपर नानासो म्हणाला, "मॅडम, ह्या बारीला बाटली परत येणार न्हवं?" असल्या माणसांमुळेच संशोधन मागे पडतं.

११ जुलै, सकाळी १०
अल्कली घालून ॲसिड अर्धं मारलं, की मीटर दाखवेल तोच पीकेए. अर्धं पाणी, अर्धं अल्कोहोल. ५.६. मीटर भिकार.
सकाळी ११. ५.७. कामवाल्या बनाबाईनं भांडी आपटल्यामुळे. ती म्हणते, "आकडा कुटं हालतोय? तुमीच हालताय."
दुपारी १. नुसतं पाणी. ४.२! सिद्ध झालं.
दुपारी १.२०. त्यातच थोडं थोडं अल्कोहोल घालत गेले. आकडा वर वर सरकत गेला. नीट दिसलं नाही, चष्म्याचा नंबर बदललाय.

१२ जुलै
प्रयोग नाही. पित्त.

१५ जुलै
माझा एम.फिल.चा प्रबंध काढला. त्यात ४.२ असणारच. पान ४३, तक्ता: बेंझोइक ॲसिड, पन्नास टक्के अल्कोहोल. ५.७.

रीडिंग्ज शालनच्या अक्षरात. शालन तेव्हा आमच्याकडे डेमॉन्स्ट्रेटर होती. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही यायची. अर्थात मुख्य काम माझं. विषय निवडणं, बाइंडिंग. आभारात तिचं नाव घातलंय, काचसामान धुतल्याबद्दल.

म्हणजे ही चूक मुळात शालनची. बरोबर निघाली, हा योगायोग.

१९ जुलै
मुलगी घरी बसून रडत असेल. हे लोक स्थळं बघतात ती नोकरी पाहूनच. बोरगावला राहते. जैन कुटुंब, वडील भरतेश, माणसं सज्जन. निर्णय: मी तिला क्षमा करणार. "नवीन माहिती पुढे आल्याने" असं पत्र स्वतः नेऊन देणार. ती पाया पडायला वाकली तर मी मध्येच उचलून धरेन.

२२ जुलै
साताऱ्याहून सांगली, पुढे रिक्षा. लॅबमध्ये प्रियदर्शनी उभी. ॲप्रनवर नवा बॅज. महिनाअखेरीची वाट न बघता गेल्या आठवड्यातच कायम केली.

धैर्यशीलला विचारलं, माझं पत्र? म्हणाला, "मिळालं की. मानानं ठिवलंय." ड्रॉवर उघडून दाखवला. सहा पत्रं होती, आधीच्या तक्रारींची पाच धरून. सहाही माझीच, सगळी फोडलेली, एवढं समाधान. मी म्हटलं, तू फोनवर झालंच म्हणालास. "आवं मॅडम, तुमास्नी बरं वाटावं म्हणून. तिला काढून लोशन कुणी करायचं? मी? मला तर तुमीच दोनदा नापास केलंय."

मुलीनं चहा दिला. साखर बेताची, मला आवडते तशी. आजचं पत्र पर्समध्येच होतं. ती म्हणाली, मॅडम, तुमचा प्रबंध आम्ही सांगलीच्या लायब्ररीतून आणला. पान ४३ फार उपयोगी पडलं. तक्त्यातलं अक्षर तुमचं नाही ना? त्या कोण? नंबर आहे का? पुढच्या कार्यक्रमाला त्यांनाच बोलवायचं ठरलंय.

मी म्हटलं, वारल्या. शालन परवाच मंडईत भेटली होती.

बाहेर पडताना गुंडा नावाच्या वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव त्यानंच लिहून ठेवलेलं. भेटीचं कारण: 'सहज'. खाली सहीची जागा.

केली.