उणे तीन

प्रिय धाकटे,

मावशीकडून तुझं म्हणणं कळलं. तुझ्या कार्यक्रमासाठी मी गाण्यांच्या फाईली दिल्या, त्या मुद्दाम बिघडवून दिल्या, असं तू तिला सांगितलंस. तिला म्हणजे सगळ्यांनाच, कारण मावशीच्या पोटात काही राहत नाही. फोन करणार होते. पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं 'हं' म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. कागदावर तुला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तो कीबोर्ड आपण दोघींनी मिळून निवडला असं तू लोकांना सांगतेस. सांग बापडी. दुकानात तू त्यातले तयार ताल एकामागून एक लावून पाहिलेस, दुकानदाराला हसवलंस आणि निघालीस. जाडजूड माहितीपुस्तक मी वाचलं. चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी आले की चहाचा कप बाजूला ठेवून, कानाला हेडफोन लावून बसायचे. तुझे भावोजी म्हणायचे, आमच्याकडे भांडणं होत नाहीत, कारण हिला ऐकूच येत नाही. काय करत होते मी, हे तू कधी विचारलं नाहीस, तर आता सांगते. त्यातली मूळची बासरी तुला आठवते? खेळण्यातल्या शिट्टीसारखी कानात घुसायची. तिची सुरुवात मी मऊ केली. तिच्यातली थरथर कमी केली आणि सूर लागल्यावर जराशानं येईल अशी लावली, कारण खरा माणूस फुंकतो तेव्हा आधी सूर येतो, थरथर मागून. व्हायोलिनचा ताफा इतका दाट होता की तुझे शब्द त्यात बुडायचे. त्याची चकाकी उतरवली, त्याला मागे सरकवलं. तालातली झांज बंद केली, ढोल अर्ध्यावर आणला, कारण आपण घरच्या हॉलमध्ये गात होतो, मैदानात नाही, आणि खालचे आजोबा काठीनं छत ठोकायचे. प्रत्येक गाण्याचं असं वेगळं मांडलं आणि त्या गाण्याच्या नावानं साठवून ठेवलं.

मग सोफा भिंतीला सरकवायचा, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणायच्या, आणि तू गायचीस. लोक म्हणायचे, काय गोड गळा. माझ्याकडे बघून म्हणायचे, यात सगळं आपोआप वाजतं ना? एकदा तू माझ्या आधी उत्तर दिलंस. "हो, ताईला फक्त बटणं दाबायची असतात." सगळे हसले, मीही हसले. त्याचा राग धरून बसले असं समजू नकोस. विसरले असंही समजू नकोस.

पुढचं जरा शांतपणे वाच. तुझ्या मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर आधी आम्हाला भेटले. बाहेरच्या बाकावर आई आणि मी होतो. ते म्हणाले, गाठ निघाली, काळजीचं काही नाही, पण आवाजाच्या नसेला ताण बसलाय. बोलेल, गाईलही, पण वरचे सूर पूर्वीसारखे येणार नाहीत, आणि तिनं ते ओढूनताणून काढू नयेत. ते आत जायला निघाले तर आईनं त्यांना थांबवलं आणि हात जोडून सांगितलं, एवढ्यात तिला हे बोलू नका. तुला त्यांनी फक्त गळ्याला ताण देऊ नका म्हणून सांगितलं आणि तू ते घरी येईपर्यंत विसरलीस. आईनं माझं मनगट धरलं होतं. "सांगू नकोस तिला. गाणं सोडेल ती. मग काय उरेल तिच्यात?" मी तिला शब्द दिला. माझ्यात काय उरलंय हे आईनं कधी विचारलं नाही, पण ते जाऊ दे.

तू पुन्हा गायला उभी राहिलीस तेव्हा मी तुझं प्रत्येक गाणं अर्ध्या सुरानं खाली घेतलं. कीबोर्डवर तशी सोय असते. बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात, बघणाऱ्याला काही कळत नाही, आवाज मात्र खालून येतो. पडद्यावर 'उणे एक' दिसतं. पडदा माझ्यासमोर होता आणि तुझं तोंड पाहुण्यांकडे. पुढच्या वर्षी उणे दोन, मग उणे तीन. शिवाय जिथे तुझा श्वास विरायला लागायचा, तिथे ती मऊ केलेली बासरी मी तुझ्या सुराखाली सरकवायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं तूच लांबवलास. तू म्हणायचीस, ऑपरेशननंतर माझा आवाज उलट मोकळा झालाय, नाही गं ताई? मी मान डोलवायचे. घरी कधी रियाज केला असतास तर तुझं तुलाच समजलं असतं.

मग तुझं नवं घर झालं, आणि तुझ्या नवऱ्याला त्यात 'नीट' कार्यक्रम हवा होता. नीट म्हणजे तो दाढीवाला मुलगा, त्याचा दुप्पट लांबीचा कीबोर्ड, आणि माझ्याऐवजी माझा पेन ड्राइव्ह. दोन्ही वाद्यं एकाच कंपनीची, सेटिंग जसंच्या तसं चढतं, असं त्यानं सांगितलं होतं. मी काहीही हातचं न राखता सगळं भरून दिलं. तुला वगळून त्या दाढीवाल्याशी बोलावं असं फार वाटत होतं. पण काय सांगणार होते? तुझ्या गळ्याची गोष्ट त्याला आधी सांगायची, आणि तुला नाही?

मला तिसऱ्या रांगेत बसवलंत. सुरुवातीचं वाजायला लागलं आणि पहिल्याच सुराला मला कळलं. गाणं वर होतं, अगदी मुळात होतं तिथे. मी उठले. तुझा नवरा बाजूलाच उभा होता, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा हो ताई, आज तुम्ही पाहुण्या." आणि मी बसले. हात झटकून पुढे जाता आलं असतं. खोटं कशाला लिहू, क्षणभर मनात आलं की होऊ दे, एकदा कळू दे सगळ्यांना बटणं कोण दाबत होतं. अंतऱ्यात तुझा आवाज फाटला, तू पाणी प्यायलीस, हसलीस, पुन्हा गेलीस आणि पुन्हा तिथेच फाटला, तेव्हा मात्र मला खाली मान घालून बसवेना. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले. मी निघून गेले म्हणून मावशीला माझ्याबद्दल खात्री पटली म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलानंच मला फोन केला. फार अवघडला होता. म्हणाला, सगळ्या गाण्यांना उणे तीन होतं, मला वाटलं चुकून राहिलंय, म्हणून मी शून्य केलं. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

एवढं सगळं मी गिळलं असतं, जसं आजवर गिळत आले. पण काल मावशी म्हणाली की पुढच्या महिन्यात तू त्याच लोकांना पुन्हा बोलावते आहेस, तीच गाणी त्याच पट्टीत गाऊन दाखवणार आहेस, आणि त्यासाठी रोज सकाळी वरचे सूर ओरडून काढते आहेस. म्हणून आईला दिलेला शब्द मी आज मोडला. ओरडणं आजच्या आज बंद कर आणि आधी गळा दाखवून ये. डॉक्टर तेच आहेत, त्याच दवाखान्यात बसतात. गायचंच असेल तर त्या मुलाला सांग, खाली घेऊन वाजव. चांगला आहे तो, कुठे बोलणार नाही. मी वाजवायला येणार नाही, बोलावू नकोस. मावशीला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. फाईली ताईनंच बिघडवल्या, असं लोक म्हणताहेत ते म्हणू देत. तुझ्या गळ्याबद्दल बोलण्यापेक्षा त्यांनी माझ्याबद्दल बोललेलं बरं.

कितीही वाटलं तरी दुसऱ्या कुणाची होता येत नाही, म्हणून तुझीच,
ताई