पिंपाला न मानवलेला पाव

आदरणीय वन्सं यांना धाकट्या भावजयीचा मनापासून नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? तुमच्या कारखान्यातल्या टाक्यांवर चढून आत डोकावणं जरा कमी करा, असा आईंचा निरोप आहे (त्यांचे आणखीही निरोप आहेत, पण सगळे लिहिले तर पाकिटाला जादा तिकीट लागेल). अख्ख्या शहराचं खरकटं गोळा करून त्याचा गॅस करणारी माझी नणंद आहे, हे मी भाजीवालीपासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगत असते. दंतवैद्याला सांगताना तोंडात बोळे होते, पण त्याला कळलं असावं.

इकडे सगळे खुशाल. आईंचे गुडघे हवेप्रमाणे, तुमचे बंधुराज नेहमीप्रमाणे (घरात काय चाललंय हे वर्तमानपत्रात छापून आलं तरच त्यांना कळेल), आणि मी धावपळीत. आजारी आहे ते परसातलं पिंप, आणि पिंप आजारी म्हणून बाबाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरातल्या भिंतींना कान आहेत आणि त्यातले दोन बाबांचे आहेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या खेपेला तुम्ही बाबांना कागदावर आकृती काढून दिलीत. एक मोठं पिंप, त्यात उपडं घातलेलं लहान पिंप, उरल्यासुरल्या अन्नाचा गॅस. खाली लिहिलंत की रोज एकच बादली. त्यावर बाबा म्हणाले की मी एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला, मला बादल्या मोजायला शिकवू नकोस. तुम्ही म्हणालात, ती भट्टी नाही, पोट आहे. मग ते म्हणाले की चार वर्षं कचरा ढवळला म्हणजे सगळी अक्कल येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या तुम्ही त्याच दुपारच्या बसनं गेलात. तेव्हापासून तुम्हा बापलेकींचं बोलणं आईंच्या मार्फत आणि फक्त हवामानावर चालतं. (दोघंही एकाच वळणाचे आहात, हे मी सून म्हणून सांगत नाही, साक्षीदार म्हणून सांगते.)

पिंप मात्र त्यांनी केलं, आणि अगदी तुमच्या आकृतीबरहुकूम केलं. दूधवाल्याच्या गोठ्यातून शेण आणलं, पाण्यात कालवलं, महिनाभर वाट पाहिली. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतलेल्या नळीच्या टोकाला, एका शेगडीवर, मुठीएवढी निळी ज्योत लागली. वन्सं, बाबांचा चेहरा तेव्हा तुम्ही पाहायला हवा होता. त्यांनी आधी आईंना बोलावलं, मग मला, मग बंधुराजांना आंघोळीतून, आणि मग शेजारच्या गायनशिक्षिकेला, जिनं शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या. पुढे रोज सकाळी चहाच्याही आधी ते परसात जायचे, लहान पिंप रात्रीतून किती वर उचललंय ते खडूच्या खुणांवर बघायचे आणि त्याला विचारायचे, कसं काय, झोप लागली का? आईंनी हे दोन दिवस ऐकलं आणि पिंपाला ‘सवत’ असं नाव ठेवलं. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षांत मला एकदाही कुणी झोपेचं विचारलं नाही.

इथवर सगळं आलबेल होतं. पण बॉयलरवाल्याच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते, की जास्त जळण म्हणजे जास्त वाफ. एका बादलीत बावीस मिनिटं ज्योत, तर तीन बादल्यांत सहासष्ट, असा हिशेब त्यांनी भिंतीवर खडूनं मांडला. अडचण एवढीच की आपल्या घरात तीन बादल्या उष्टं निघत नाही. मग बाबा आमच्या ताटांवर नजर ठेवायला लागले. तुमचे बंधुराज ताट चाटूनपुसून लख्ख करतात, तर बाबा त्यांच्याकडे असे बघायचे जसा काही पोरगा वाया गेला. शेवटी आईंना दया आली (सवत असली तरी उपाशी कशी ठेवायची) आणि त्या पिंपासाठी वेगळा भात लावायला लागल्या. म्हणजे मोठ्या गॅसवर चाळीस मिनिटं भात शिजवायचा, तो पिंपाला घालायचा आणि पिंपाकडून वीस मिनिटांचा गॅस घ्यायचा. हे गणित मी कुणालाच सांगितलं नाही. सासरी काही गोष्टी न सांगितलेल्या बऱ्या.

मग बेकरीवाला भेटला. त्याच्याकडे रोजचा शिळा पाव उरतो, आणि बाबांना फुकट म्हटलं की दोन पोती. दोन पोती पाव एका दिवसात पिंपात गेला. तीन दिवस पिंप असं फुगलं की वर ठेवलेल्या विटा घसरायला लागल्या, आणि बाबांनी आणखी चार विटा ठेवल्या. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले की सांग तुझ्या वन्संना, पोट म्हणे. मी सांगितलं नाही, तेव्हा माझे आभार माना.

चौथ्या दिवशी ते पोट बिघडलं. दोन पिंपांच्या फटीतून तपकिरी फेस वर यायला लागला, परसातून ओघळला, कुंपणाखालून पलीकडे गेला, आणि तिकडे गायनशिक्षिकेच्या विद्यार्थिनीनं लावलेला ‘सा’ तिथेच तुटला. वास कसा होता ते तुम्हाला सांगायला नको, तुमचा तो रोजचा धंदा आहे, पण आम्ही हौशी माणसं.  त्या दिवसापासून गायनशिक्षिकाबाईंची शिकवणी पुढच्या खोलीत भरते, आणि बाबा दिसले की त्या नमस्कार करतात तो रुमालाआडून.

त्यानंतर ज्योत लागेना. गॅस येत होता, पण काडी धरली की काडीच विझायची. बाबांनी आधी काडेपेटीला दोष दिला आणि पाच नव्या आणल्या. मग शेगडीला दिला, मग नळीला, मग वाऱ्याला (झाडाचं पानही हलत नव्हतं). मग उपचार सुरू झाले. घरातला खायचा सोडा गेला, चुना गेला, ऊब मिळावी म्हणून पिंपाला माझी चांगली रजई गुंडाळली गेली. कुठूनसे ते आंबटपणा तपासायचे कागद घेऊन आले. रोज सकाळी एक पट्टी बुडवायची, ती लाल व्हायची, आणि बाबा ती खिशात घालून आत यायचे, जणू नापास झालेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक. तुमच्याच तोंडून ऐकलं होतं की आत फार आंबट झालं की जळणारा गॅस करणारे सूक्ष्म जीव मरतात. बाबांनीही ते ऐकलंच होतं. मी एकदा त्यांचा चष्मा शोधत होते, तर चष्म्याच्या घरात तुमचा तो आकृतीचा कागद चौघडी करून ठेवलेला सापडला. ‘रोज एकच बादली’ या शब्दांखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा होत्या. मी कागद होता तसा ठेवला.

आणि नेमके याच आठवड्यात कारखान्यातले जुने सोबती आले. चारही बॉयलरवाले. बाबांनी ज्योत लागली त्या दिवशीच सगळ्यांना आमंत्रण देऊन ठेवलं होतं, की पिंपाच्या गॅसवरचा चहा प्यायला या. आता नाही कसं म्हणणार? ते परसात पिंपाभोवती उभे राहिले, बाबा खडूच्या खुणा दाखवत होते, आणि आत आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आईंकडे. आम्ही नेहमीच्या गॅसवर चहा टाकला आणि तो आणून पिंपाच्या शेगडीशेजारी ठेवला, भांड्याला नळीचा स्पर्श होईल इतका जवळ. सोबती खुश झाले. एकजण तर म्हणाला की या चहाला वेगळीच चव आहे. बाबांनी मात्र कप हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं (आठ कप चहा चार मिनिटांत झाला होता), आमच्या दोघींकडे पाहिलं, आणि ते शांतपणे सगळा चहा प्यायले. आईंना ते पाहवलं नाही, त्या उगाच साखर आणायला आत गेल्या.

मंगळवारपासून बाबा परसात गेलेले नाहीत. बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान उघडून बसतात. भंगारवाल्याला रविवारी सकाळी अकराला बोलावलंय, पिंपं घेऊन जा म्हणून. कारण विचारलं तर म्हणतात, जागा अडते. पिंपाआधी परसात कुणी फिरकतही नव्हतं, तिथली कसली जागा अडते? पण खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्यांना असं गप्प झालेलं मी या घरात आल्यापासून पाहिलेलं नाही.

असो. पत्र लिहायचं खरं निमित्त वेगळंच आहे. गेल्या खेपेला तुम्ही आमचे झाकणाचे दोन मोठे कॅन नेले होते, ते राहून गेलेत. पाणी साठवायला लागतात. सवडीनं पाठवून द्यावेत. मुलांना पापा, भावोजींना नमस्कार.

तुमची,
घरातली एकमेव निःपक्षपाती व्यक्ती

ता. क. कॅन रिकामे पाठवू नका. तुमच्या टाकीतला चांगला जिवंत रेंदा त्यांत भरा. दह्याला विरजण लागतं तसं बिघडलेल्या पिंपालाही लागतं, हे तुम्हीच सांगितलं होतं. पाणी साठवायला घरात बादल्या आहेत.

ता. क. दुसरा. आणि पाठवूही नका, घेऊन या. शनिवारी संध्याकाळपर्यंत. आलात की सांगा, इकडे कामाला आले होते, सहज डोकावले. बाबांची चूक काढू नका, आणि मी लिहिलं हे तर अजिबात सांगू नका. ते स्वतःहून तुम्हाला बोलावणार नाहीत, जीव गेला तरी नाही. पण आजही गल्लीत बस थांबल्याचा आवाज आला की वर्तमानपत्र खाली होतं. इतकं मी पाहिलंय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. मी हात ठेवून पत्र झाकलं (पण लिहिताना मी पुटपुटते, आणि भिंतींचे ते दोन कान). ते पाण्याचा पेला भरत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला लिही, कॅनची झाकणं घट्ट लावू नको. आत गॅस धरतो, बसमध्ये फुटेल. आणि पाऊण कॅनच भर म्हणावं.” एवढं बोलून गेले. मी पेन उघडून हे लिहीत होते तर दारातून परत आले आणि चौकटीला धरून म्हणाले, “आणि भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगितलंय. पहिल्या दिवशी किती बादल्या घालायच्या, ते ती येऊन सांगेल तसं.”