अर्धं जोडकेळ

माय,

आज म्या केळ्याचा ब्रेड केला. तू म्हणशील, ब्रेड तर दुकानात भेटतो, आन केळ्याचा कसा व्हईल? मलाबी तसंच वाटलं होतं. पण झाला बघ. चांगला चार बोटं फुगला, आन कापला तर आत दालचिनीची गोल गोल नक्षी, गोगलगायीच्या पाठीवर असती तशी. मला लई हसू आलं. चौथी नापास बाई मी, ह्या वयात माझ्या हातून असलं काही व्हईल असं कुणाला वाटलं होतं?

मी सध्या लातुरात हाय. नात इथं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करून राहिली. तिला मेसचं जेवण सोसंना, म्हणून तिच्या बापानं मला संगं धाडलं. एक खोली, एक गॅस, पंखा लावला की कॅलेंडर उडतं. ती दिवसभर वाचते, मी भाकरी थापते. मजेत हाव आम्ही. गेल्या आठवड्यात तिच्या बापानं आमच्या अर्धापूरच्या मळ्यातून केळीच्या दोन फण्या धाडल्या. दोघी खाऊन खाऊन किती खाणार? काळी पडली. गावाकडं म्हशीपुढं टाकली असती, इथं म्हैस कुठून आणू? तर पोरगी म्हणली, "आज्जी, टाकू नको. जितकं काळं तितकं गोड. मी मोबाइलमधे बघून सांगते, तू कर."

"अगं, त्याला भट्टी लागती."

"मिठाची कढई लागते. तुझी आहे की जाड बुडाची."

मग काय, कढईत मीठ पसरलं, मधे डबडं ठेवायला वाटी पालथी घातली, वर झाकण, झाकणावर खलबत्ता. केळी हातानंच कुस्करली. अंड्याच्या जागी दही, मग तेल, कणीक, सोडा. गूळ किसून त्यात दालचिनी कुटून घातली. कुटताना खोलीभर काळ्या मसाल्याचा वास सुटला. मी म्हणलं, "पोरी, हे गोड करायलोय का वांग्याची भाजी?" ती म्हणली, "तू कूट गं, डोकं लावू नको." डबड्यात थोडं पीठ, वर गूळ-दालचिनी, परत पीठ, परत गूळ, आन मग सुरी घालून एकदाच फिरवायची. लई ढवळलं की नक्षी मोडते म्हणे.

पण सांगायचं ते हे न्हाई. केळी सोलताना त्यात एक जोडकेळ निघालं. एका सालीत दोन. माझा हात आपोआप ते बाजूला ठेवून मोकळा झाला. पोरीनं पाहिलं. "ते का काढलंस?"

"पोरीबाळींनी खाऊ न्हाई. जुळी होतात."

ती अशी हसली की खालच्या घरमालकीणबाईनं वर बघितलं असंल. "आज्जी, माझ्या पपांच्या टायमाला तू खाल्लं होतंस का?"

मी म्हणलं, हाव, सातव्या म्हैन्यात.

तिचं हसणं थांबलं. मग मास्तरणीसारखं बोटं मोजून सांगाय लागली, "अगं, जुळी असतील तर ती पहिल्या दोन आठवड्यांतच ठरतात. सातव्या महिन्यात दोघं तुझ्या पोटात लाथा मारत होती. केळ्याचा काय संबंध?"

माय, पंचेचाळीस वर्षं झाली. एवढं साधं कुणीच बोटावर मोजलं न्हाई. तू न्हाई, मी न्हाई, सासूबाईनं तर न्हाईच. मला वाटलं आता रडू येईल. आलं न्हाई. मी मीठ तापलं का ते बघितलं.

मला तो हदगावचा बाजाराचा दिवस दिसतो. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडं माहेरी आलेली. आपल्याकडं सगळा कापूस, केळ म्हणजे पूजेला न्हाईतर आजाऱ्याला. मला डोहाळा केळ्याचाच लागलेला, सासरी मळा असून तिथं कोण देतंय! तू अर्धी फणी आणतीस, केळी विकणाऱ्या बाईनं वरून फुकट टाकलेलं जोडकेळ त्यात असतं, कारण ते कुणी घेत न्हाई. तू चुलीपुढं बसून ते सोलतीस, दोन भाग करतीस. "अर्धं तू खा, अर्धं मी खाते. वाटून खाल्लं की दोष लागत न्हाई." तू तुझं लगेच तोंडात टाकतीस. मी माझं घेऊन वसरीत जाते.

पुढचं तुला ठाऊक हाय. पोरगा आन पोरगी. पोरगी नवव्या दिवशी गेली. लहान होती, हातात घेतली तर वजनच लागत न्हव्हतं. सासूबाई आल्या त्या दारातूनच बोलत आल्या, "काय खाल्लंस तिकडं? जोडकेळ खाल्लंस का? सांग की, वाचा गेली का?" मी खाली बघत होते. तूच पुढं झालीस. "म्या दिलं, ईहिणबाई. माझ्या हातानं दिलं. लेकराला बोलू नका."

सासूबाई म्हणल्या, "मग नात तुमीच खाल्ली म्हणा."

तू पदर तोंडाला लावलास आन चूल पेटवाय गेलीस. त्या दिवसापासून तू केळ खाल्लं न्हाईस. प्रसादाचंबी न्हाई. शेवटी तुला अन्न उतरंना तवा डॉक्टरनं केळ कुस्करून दुधात द्या म्हणलं. चमचा माझ्याच हातात होता. तू वास घेतलास आन ओठ मिटलेस. मी म्हणलं, "बरं, नुसतं दूध पी." तू पिलीस.

माय, पोरीला हाव म्हणलं खरं, पण ते अर्धं केळ म्या खाल्लंच न्हव्हतं. मला भ्या वाटलं होतं, सासूबाईला कळंल म्हणून. वसरीत वासरू बांधलेलं होतं, त्याच्या तोंडात दिलं. ते एका घासात खाऊन माझा हात चाटत राहिलं. सासूबाई दारात बोलत होत्या तवा मी हे सांगू शकले असते. पण मग बोल माझ्यावर आला असता, दुसरं काहीतरी काढलं असतं त्यांनी. म्हणून गप बसले. चमचा हातात होता तवाबी खोलीत दोघीच होतो. तवाबी गप बसले.

आज ते जोडकेळ म्या उचललं आन ब्रेडच्या पिठात घातलं. पोरगी बघत होती. ब्रेड निघाल्यावर तिच्या मैत्रिणी आल्या, चौघींनी पाच मिनिटांत डबडं चाटून पुसून ठेवलं. "आज्जी, बेकरी टाका!" मी लई हसले. एक कडेचा तुकडा तेवढा माझ्यासाठी राहिला.

हे पोरीच्या रफ वहीचं मागचं पान हाय. ती क्लासवरून यायच्या आत मी फाडून घेते. तुझ्या नावानं घास ठेवावा म्हणून तो तुकडा खिडकीत ठेवला होता. मग ध्यानात आलं, तू केळ खात न्हाईस. परत आत आणला, आन चहासंगं म्याच खाल्ला.