पेटी मनस्वीला, खारातला हिस्सा वैशालीला

मी, श्रीमती नमिता निकेश मोकल, वय ५१ वर्षे, व्यवसाय स्कूबा डायव्हिंगच्या सहली, राहणार कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. धमकी मात्र आली आहे आणि तेच हे लिहिण्याचे कारण आहे, म्हणून तीही येथे नोंदवते.

गेल्या महिन्यात पेणच्या बाजारात माझा सख्खा धाकटा भाऊ धनेश काळुराम ठाकूर मला आडवा आला. तो जामिनावर सुटला आहे. कुबडी माझ्या पिशवीवर रोवून म्हणाला, "ताई, एक पाय तुझ्या टाकीनं नेला. तो मी वसूल करनार हाय." मी पिशवी हिसकून घेतली. भाजी सांडली ती गोळा केली आणि घरी येऊन वकिलांना फोन लावला.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. कासू येथील राहते घर माझ्या नावावर आहे. ते मी मुलगी मनस्वी हिला देते. सासूबाई श्रीमती हौसा यांना हयातभर पुढच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. त्यांना कोणी "उठा" म्हणू नये. अंगणातल्या फरशीचे दोन चौकोन फुटलेले आहेत, ते मनस्वीने बदलून घ्यावेत. माझ्याने ते झाले नाही. रोहे येथील गाळ्यात पतीच्या पश्चात माझा जो हिस्सा आहे, तोही टाक्या भरायच्या कॉम्प्रेसरसह मनस्वीचा.

कलम २. वडिलांच्या पश्चात खारातल्या, म्हणजे खाडी अडवून केलेल्या, भातशेतीत माझा निम्मा अविभक्त हिस्सा आहे; उरलेला निम्मा धनेशचा. तो मी श्रीमती वैशाली गोविंदा दळवी, राहणार गागोदे बुद्रुक, यांना देते. त्या खातेदार शेतकरी आहेत, तेव्हा कायद्याची अडचण येऊ नये.

ही कोण, असे माझे नातेवाईक विचारतील. धनेश खाडीत बेकायदा रेती उपसत असे. वैशालीचा नवरा गोविंदा त्याच्या बार्जवर होता. तळाशी उतरून सक्शनचा पाइप धरायचा, हे त्याचे काम. एकदा पाइपने त्याचा हात आत ओढला, कोपरापर्यंत सालपटे निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यात उतरायला नकार दिला. तेव्हा धनेशने त्याच्या डोक्यात पाना घातला, असे बार्जवरच्याच एका कामगाराने पुढे न्यायालयात सांगितले. त्या वेळी मला यातले काही माहीत नव्हते. वैशाली माझ्या दारात येऊन बसली होती, एवढेच माहीत होते.

"ताई, बार्जवाले बोलतात पळून गेला. माझा नवरा चपला टाकून पळंल काय?"

मी ओहोटीला उतरले. खाडीत दिसत काहीच नाही, हातांनी चाचपत जायचे. आधी दोर लागला, मग दगड, मग कंबर. डोके धरायला गेले तर बोटे आत गेली. मी दोर कापला आणि त्याला वर आणले. काठावर धनेश उभा होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बुडाला म्हन. दगडाचा नाव काढू नको."

मी पंचनाम्यात दगडही सांगितला आणि दोरही.

यापुढे धनेशला बांधाच्या पलीकडे वैशालीला बघत भात लावावे लागेल. मला तसेच हवे आहे.

कलम ३. सुट्या भागांची आणि तातडीच्या सामानाची नारिंगी पेटी मनस्वीला. मनस्वी, हे कलम वकिलांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. वरच्या कप्प्यात ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, माउथपीस, ते आवळायचे प्लास्टिकचे टाय, मास्कचा आणि फिनचा जादा पट्टा. टाकी उघडल्यावर फुसफुस आली तर बहुतेक वेळा ओ-रिंगच गेलेली असते आणि तेवढ्याशा रबरापायी अख्खी सहल किनाऱ्यावर बसते. खालच्या कप्प्यात ऑक्सिजन, मलमपट्टी, कात्री, जाळी कापायची सुरी, शिट्टी, टॉर्च, आणि रक्त थांबवायला आवळायचा पट्टा. ऑक्सिजन भरलेला आहे की नाही ते काट्यावर बघायचे, "मागच्या वेळी भरलेला" असे म्हणायचे नाही. पेटी बोटीत सगळ्यांत शेवटी चढवायची, म्हणजे ती सगळ्यांत वर राहते. रोह्याच्या कंपनीतले एक साहेब तिच्यावर बसून वडापाव खात होते. मी उठवले, त्यांचे बिनसले, ते पुन्हा आले नाहीत. असे कोणी बसले तर तूही उठव.

पंचनाम्यानंतर धनेश तिघांना घेऊन आला तेव्हा ही पेटी अंगणात उघडीच होती. सकाळ होती, मालवणला निघायचे होते. निकेश टाक्या मोजून टेम्पोजवळ लावत होता. धनेशला पाहून तो म्हणाला, "ये धनेश, चहा घे." पहिली सळई त्याच्या तोंडावर बसली. दात फरशीवर पडले. तरी तो माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. दुसरी सळई डोक्यात बसली. तो आवाज मी लिहीत नाही.

मी पेटीतली सुरी एकाच्या मनगटात घातली. ती पलीकडून निघाली. त्याबद्दल माझ्यावरही गुन्हा दाखल आहे. मला खंत नाही.

धनेश ओरडला, "टाक्या फोडा हिच्या!" एकाच्या हातात घण होता. त्याने भरलेल्या टाकीच्या तोटीवर घाव घातला. तोटी तुटली आणि आतली दाबलेली हवा सुटली. टाकी फरशी फोडत सरळ धनेशच्या गुडघ्यात घुसली. पाय उलटा फिरला, रक्ताची चिळकांडी भिंतीपर्यंत गेली. बाकीचे तिघे पळाले.

आता अंगणात माझा नवरा पडला होता आणि माझा भाऊ. मी निकेशच्या डोक्यावर पट्टी दाबून बांधली, त्याला ऑक्सिजन लावला, मास्क, मनस्वी, तुझ्या हातात दिला. तू तो धरून ठेवलास, हात हलू दिला नाहीस. पेटीत तो रक्त थांबवायचा पट्टा उरला होता. धनेश ओरडत होता, "ताई, बांध गो! बांध!" मी गेले. मांडीवर पट्टा आवळला, दांडी फिरवत राहिले, रक्त थांबेपर्यंत.

निकेश रुग्णवाहिकेतच गेला, पेण यायच्या आधी. धनेश जगला.

कलम ४. धनेश काळुराम ठाकूर यास मी काहीही देत नाही. बहीण म्हणून जे द्यायचे ते त्या अंगणात देऊन झाले आहे, त्याने तेवढ्यावर भागवावे. माझा मृत्यू पाण्यात झाल्यास माझे सामान न धुता, न उघडता पोलिसांकडे द्यावे. दोनदा तपासल्याशिवाय मी उतरत नाही, हे माझ्याबरोबर उतरलेला कोणीही सांगेल. मनस्वी, तू सुरी जाळी कापायलाच वापर. खटला चालू आहे, तो चालू दे.

कलम ५. माझे डायव्हिंगचे घड्याळ सासूबाईंना. त्यांना वेळ बघता येत नाही, पण ते निकेशने आणलेले आहे.

निकेश गेल्यावर त्यांनी माझ्या हातचे जेवण सोडले होते. स्वतःची भाकरी स्वतः थापत. एकदाच बोलल्या होत्या: "माझ्या पोराला मारनाऱ्याला बांधलास. तुझा हात चालला कसा गो?"

काल मी या मोसमाच्या पहिल्या सहलीसाठी पेटी भरत होते. त्या येऊन शेजारी बसल्या. "तो पट्टा कुठला?" मी नवा पट्टा दाखवला. त्यांनी दंड पुढे केला. "बांध." मी बांधला, दांडी फिरवली. त्यांचा हात पांढरा पडत गेला, डोळ्यांत पाणी आले, तरी थांब म्हणाल्या नाहीत. मीच सोडला.

"ह्यो निकेशला नसता लावता आला?"

"नाय आई. डोक्याला लावत नायत. गळा आवळला जातो."

त्या बराच वेळ दंड चोळत राहिल्या. "मंग त्याच्या वाटणीचा काय भावासाठी राखून ठेवला होतास, असा नाय ना?"

"नाय आई. त्याचा त्याला सगळा लावला होता."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग उठल्या आणि आत जाऊन माझ्या टोपातला भात वाढून घेतला.

अंमलबजावणी अ‍ॅड. प्रविण घरत, पेण, यांनी करावी. वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले, ते माझेच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही करते. साक्षीदारांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या आहेत. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: नमिता निकेश मोकल

साक्षीदार १: आदर्श पाटील, मूर्तिकार, राहणार हमरापूर
साक्षीदार २: नूतन म्हात्रे, परिचारिका, राहणार रोहे

ठिकाण: पेण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५