काचेमागच्या लुगड्याची बाजू

मी, श्रावण धोंडबा धकाते, वय ५८, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार गोळीबार चौक, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांनी आजार पोटाचा सांगितला आहे, डोक्याचा नव्हे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी मुलगी नूपुर हिला. गच्चीवरची टाकी गळते, तीही तिलाच.

२. लोखंडी शिडी धाकटा भाऊ गोविंदा यास. सात वर्षांपासून ती त्याच्याकडेच आहे. आता निदान कायद्याने त्याची होईल.

३. संस्कृत पुस्तके शाळेला. समासातील माझ्या टिपा खोडू नयेत. त्यांतल्या दोन बरोबर आहेत.

४. आईची ट्रंक. इथे कारण लिहिणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आईला, पार्वतीबाईंना, एका घराण्याच्या जुन्या राजवाड्यांत थाटलेले कलादालन दाखवायला नेले. पहिल्या वाड्यातली राजेलोकांची चित्रे तिने भराभर उरकली. दुसऱ्या वाड्यात काचेमागे एक नागपुरी लुगडे टांगले होते. तिथे ती थांबली. जन्मभर तिने बाबांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या.

"श्रावण, उलटं टांगलं गा हे. किनारीचे सुटे धागे पाह्य ना. त्या पोरीले सांग."

ती पोरगी दहा पाहुण्यांना इंग्रजीत माहिती देत होती. मी म्हणालो, "आई, हळू बोल. शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळतं."

"अन् मले नाही कळत काय?"

मी तिचा दंड धरून तिला पुढच्या दालनात नेले. परतताना ऑटोत ती एकदाच बोलली, "सांगतलं असतं तर काय झालं असतं गा?"

चैत्रात ती गेली. ट्रंकेत तिचे तशाच किनारीचे लुगडे निघाले. उलटून पाहिले. काचेमागे मागचीच बाजू होती.

त्यानंतर दोनदा तिकीट काढून गेलो, काचेपुढे उभा राहिलो आणि तसाच परतलो. तीस वर्षे वर्गात ओरडलेल्या माणसाला तिथे आवाज फुटला नाही.

म्हणून ती ट्रंक आणि ते लुगडे नूपुरला. तिने ते घेऊन तिथे जावे, दोन्ही बाजू दाखवाव्यात आणि सांगावे की पार्वतीबाई धकाते यांनी हे पाहताक्षणी ओळखले होते. तिथल्या लोकांनी ऐकले नाही तर भांडू नये. हळू मात्र बोलू नये.

नागपूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५
सही: श्रावण धोंडबा धकाते

वरील मजकूर त्यांनी आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: प्रीतम नंदनवार (शेजारी)
साक्षीदार: मेघा पराते (सहशिक्षिका)