कोनाड्यातला कप

नाना, तुमचे दात मी वेचले होते, कपाच्या तुकड्यांतून. आई म्हणाली, फुटक्या कपासोबत टाकू नकोस ते. म्हणून तुळशीच्या मातीत पुरले.

तुमच्या शाळेत फारसी शिकवणारे मौलवीसाहेब रोज दुपारी आपल्या ओट्यावर यायचे. त्यांचा कप बाहेरच्या कोनाड्यात. आम्ही भांडं कपाला न लावता वरून चहा ओतायचो, ते पिऊन, धुऊन पालथा ठेवायचे. त्यांनीच सांगितलं होतं, चीनमध्ये चहाच्या एकाच पाल्याला कुठं 'चा' म्हणतात, कुठं 'ते'. उंटांवरून इराणात गेला तो चाय झाला, आपल्याकडं चहा. जहाजातून विलायतेला गेला तो टी. "लफ्ज बी आपला नाय, पाला बी नाय," ते हसायचे. "कोनाडा तेवढा तुमचा, मास्तर." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

निजामाची फौज शरण गेली ते दिवस. आधी रझाकारांनी खेडी जाळली होती, आता सूड शहरात दारोदार फिरत होता. मौलवीसाहेब चुलीमागं लाकडांच्या आड बसलेत. आपल्या घरात ते पहिल्यांदाच आत आलेत. कुऱ्हाडी, काठ्या घेतलेली माणसं अंगणात उभी आहेत, पुढं तुमचाच जुना विद्यार्थी.

"मास्तर, मौलवी कुठंय?"

"इथं नाय."

त्यानं कोनाड्यात हात घातला. कप ओला होता. जीव घेऊन पळत आलेल्या माणसानं पाणी प्यायलं होतं आणि सवयीनं कप धुऊन जागेवर ठेवला होता.

"मग ह्यो वला कसा?"

"माझा हाय तो. मीच पितो त्यात." तुम्ही मला हाक मारलीत, "चहा आण गं."

मी सवयीनं वरून ओतू लागले. तुम्ही माझा हात खाली ओढलात, भांडं कपाला टेकेपर्यंत. मग सगळ्यांसमोर प्यालात. कप ओठाला असतानाच काठी बसली. तुम्ही पडल्यावरही बसत राहिली.

"आत बघायचं का?" मागून कुणीतरी विचारलं.

"बाटलेलं घर हाय. चला," म्हणत तुमचा तो विद्यार्थी उंबऱ्यावर थुंकला. कुणीच आत शिरलं नाही.

जबडा वाकडाच राहिला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा आणि मौलवीसाहेब, आता स्वयंपाकघरात तुमच्या शेजारी बसून, आपल्या रुमालानं पुसायचे.

हे पत्र आता कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. पाहुणा कुणीही असो, मी अजून वरूनच ओतते, नाना. हात आपसूक वर जातो.