बिनटाक्यांचा हर्निया

रविवार, संध्याकाळ

माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन लेझरने झालं आणि बायकोने अख्ख्या सोसायटीत हर्निया म्हणून सांगितलंय. लाज वाटते म्हणे. लघवी माझी अडलेली, लाज हिला.

आज शेजारचे सावंत शहाळं घेऊन आले. म्हणाले, "टाके दाखवा." कुठले दाखवू? दुर्बीण लघवीच्या वाटेनेच घातलेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. ही लगेच, "पट्टी आहे." खोटारडी.

मग सावंत आमच्या बाथरूममध्ये गेले. थांबत थांबत ठिबकणारा तो आवाज. वर्षभर माझाच ऐकलाय मी. बाहेर आल्यावर सांगूनच टाकलं, "हर्निया नाही, प्रोस्टेट होतं. माजिवड्याला डॉक्टर आहे, तुम्हीही दाखवून घ्या."

"मला? मला फक्त शुगर आहे," म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून परत बाथरूममध्ये गेले.

हिने टीव्हीचा आवाज वाढवला.